'ईदगाह'वर लहान मुलांसाठी ॲनिमेशन फिल्म करतोय, हामिदच्या मनातलं पडद्यावर कसं आणायचं?

रंगरेघ:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ काढून वाचा.

आम्ही तिघं मिळून प्रेमचंदांच्या 'ईदगाह'वर १२ मिनिटांची टूडी ॲनिमेशन फिल्म करतोय, ६ ते १० वयाच्या मुलांसाठी. कथा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत हिंदीला वाचली असेल. चार-पाच वर्षांचा हामिद, आईवडील दोघंही गेलेले, घरात फक्त आजी अमीना. ईदच्या दिवशी गावातली पोरं तीन कोस चालत शहरातल्या ईदगाहला जातात, नमाज झाल्यावर जत्रेत बाकीचे चरखीवर बसतात, मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात आणि हामिद खिशातले तीनच्या तीन पैसे देऊन लोखंडी चिमटा घेऊन येतो, कारण तव्यावरून रोट्या काढताना आजीची बोटं भाजतात.

घोडं अडलंय ते इथे. कथेतलं निम्मं काम निवेदकच करतो. हामिदला चिमटा का घ्यावासा वाटला ते निवेदक सांगतो, घरी आल्यावर अमीना रडते तेव्हा लहान हामिदने म्हाताऱ्या हामिदचा पार्ट केला आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली हेही तोच सांगतो. वाचताना ते वाक्य आलं की दर वेळी घशाशी येतं. पण ते चित्रात कसं आणायचं? आमच्यातल्या एकाचं म्हणणं सरळ निवेदक ठेवा, शेवटचं वाक्य कोणातरी चांगल्या आवाजात वाचून घ्या. मला ते पटत नाहीये, तसं केलं तर ती चित्रं लावलेली ऑडिओ कथा होईल, मग एवढी ड्रॉइंग्ज काढायचीच कशाला.

त्यात पैसे लावू शकतील अशा एकांना दाखवलं तर त्यांच्या सूचना अशा, की चिमट्याला डोळे लावा आणि बोलता करा, हामिद ९-१० वर्षांचा करा म्हणजे मुलं रिलेट करतील, नाहीतर सगळ्यांनाच खारी-ससे करून टाका म्हणजे कुठेही चालेल. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही, पण रात्री झोप लागली नाही. ही कथा मला फार जवळची आहे आणि ती मुलांपर्यंत नीट पोचावी एवढीच इच्छा आहे. ज्यांनी कथेवरून फिल्म किंवा नाटक बसवलंय त्यांनी सांगा, काय राखायचं, काय सोडायचं?

—

पाटीपेन्सिल:

रंगरेघताई, सगळ्यात आधी, निवेदक नको या मताला माझं पूर्ण अनुमोदन. आता पुढचं जरा सविस्तर लिहितो कारण हाच प्रश्न ॲनिमेशन शिकवताना पोरांबरोबर दरवर्षी निघतो.

निवेदकाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी हाताला करायला लावायची, चेहऱ्याला शक्यतो नाही. चेहऱ्यावर भाव काढायला गेलं की डोळे मोठे होतात, अश्रू येतात आणि सगळं गोड गोड होऊन बसतं. तुमच्या शेवटाची तयारी पहिल्या दोन मिनिटांत झाली पाहिजे. सकाळी अमीना चुलीपुढे बसलीय, रोटी उचलते, बोटं पटकन मागे घेते, कानाच्या पाळीला लावते आणि परत रोटी उचलते. हामिद शेजारी बसून खिशातले पैसे मोजतोय, त्याने बघितलं की नाही हे आपल्याला कळता कामा नये. एवढं एकदा दाखवलं की लोखंडाच्या दुकानापाशी आजीचा फ्लॅशबॅक लागत नाही, विचाराचा फुगा लागत नाही, काही लागत नाही. दुकानात टांगलेला चिमटा दिसतो, हामिदची बोटं नकळत कानाच्या पाळीला जातात, बस. सहा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं, आणि आपलं आपल्याला कळलं म्हणून ते खूश होतं.

दुसरं, पैसे दिसू द्या. मूळ कथा परत काढून हिशोब बघा, इतका चोख आहे. अमीनाकडे एकूण दोन आणे उरलेत, म्हणजे तेव्हाचे आठ पैसे, त्यातले तीन हामिदच्या खिशात आणि पाच तिच्या बटव्यात. जत्रेत पाळण्याचा एक पैसा, लाकडी हत्ती-घोड्यांच्या चरखीचाही एकच, तिच्यात पंचवीस चकरा. खेळणं प्रत्येकी दोन पैसे. म्हणजे हामिदकडे एक खेळणं अधिक एक पाळणा एवढे पैसे अगदी बरोबर होते! त्याला काहीच परवडत नव्हतं असं नाहीये, त्याला परवडत होतं आणि तरी तो थांबला. बऱ्याच रूपांतरांत हे निसटतं, तो नुसता गरीब बिचारा दिसतो. मुठीतली तीन नाणी तुम्ही तीन-चार वेळा जवळून दाखवली आणि पाळणेवाल्याच्या हातात एक नाणं पडताना दाखवलं, खेळणीवाल्याच्या हातात दोन, की मुलं स्वतः हिशोब करतात. दुकानदार चिमट्याचे आधी सहा पैसे सांगतो, मग पाच, आणि हामिद काळीज घट्ट करून तीन म्हणतो आणि ओरडा बसेल म्हणून तसाच पुढे चालायला लागतो, तिथे मुलं श्वास रोखून धरतील बघा.

चिमट्याला डोळे अजिबात नको. कथेतच त्याहून भारी गोष्ट तयार आहे. परतीच्या वाटेवर पोरं चिडवतात तेव्हा हामिद काय करतो? चिमटा खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात घेतला की फकिराचा चिमटा, वाजवला की टाळ. एका वस्तूची दुसरी वस्तू होणं, हे ॲनिमेशन सोडून दुसऱ्या कुठल्या माध्यमाला इतकं सहज जमतं? लाइव्ह ॲक्शनवाल्याला इथे पोराच्या अभिनयावर विसंबावं लागेल, तुमच्याकडे रेघ आहे. रेघ न तोडता चिमट्याची बंदूक होऊ दे, बंदुकीचा वाघ होऊ दे, हामिद त्याला वाघच म्हणतो. फिल्मचा सगळा जोर तिथे लावा, बाकी ठिकाणी साधं काढलंत तरी चालेल.

—

सांजवात_७:

मी या क्षेत्रातली नाही, पण आजीच्याच आवाजात निवेदन ठेवलं तर? म्हणजे अमीना म्हातारपणी आठवण सांगतेय असं. मुलांना आजीच्या आवाजात गोष्ट ऐकायची सवय असते.

—

पाटीपेन्सिल:

@सांजवात_७ कल्पना चांगली आहे पण अमीना आधीच म्हातारी आहे, आणि दुसरं म्हणजे ती जत्रेला गेलेलीच नाही. हामिद तिथे कसा वागला ते तिला कधीच पूर्ण कळत नाही. तिला फक्त चिमटा दिसतो आणि त्यावरून ती सगळं ओळखते. तिलाच निवेदक केलं तर तो क्षण हातचा जाईल. आजीच्या आवाजाचा उपयोग अंगाईला किंवा सकाळी ती स्वतःशी पुटपुटते तिथे करता येईल.

—

झेडपीचा मास्तर:

मी ही गोष्ट वर्गात तिसरी-चौथीच्या पोरांना सांगतो, मराठीत, माझ्या शब्दांत. पोरं कुठे काय करतात ते लिहितो, तुम्हाला उपयोग होईल.

सगळ्यात जास्त आवाज होतो तो रेवडीच्या ठिकाणी. हामिदचा सोबती मोहसीन रेवडी पुढे करतो, हामिद हात पसरतो, आणि मोहसीन ती स्वतःच्याच तोंडात टाकतो, बाकीची पोरं टाळ्या पिटून हसतात. हे सांगितलं की वर्गात एकदम 'आईशप्पथ' निघतं, कारण हे प्रत्येकाच्या बाबतीत झालेलं असतं, कुणी केलेलं असतं नाहीतर कुणावर झालेलं असतं. तुमच्या फिल्ममध्ये हा शॉट घाई करून उरकू नका. पसरलेला हात रिकामा राहतो आणि हामिद तो हळूच मागे घेतो तेवढा वेळ द्या.

मग पोरं एक प्रश्न हमखास विचारतात, 'मग त्याने काहीच नाही खाल्लं?' चिमटा त्यांना नंतर सुचतो, आधी त्यांना त्याची भूक दिसते. म्हणून शेवटी अमीना छाती पिटून म्हणते ना, की दुपार झाली, पोराने काही खाल्लं नाही प्यायलं नाही आणि आणलं काय तर चिमटा, ते वाक्य ठेवाच. पोरांच्या मनातला प्रश्न तीच बोलते.

आणि वयाबद्दल: हामिदला मोठा करू नका हो. दहा वर्षांच्या मुलाने आजीसाठी वस्तू आणली तर तो समंजस मुलगा, त्यात काय विशेष. पाच वर्षांच्याने आणली म्हणून गोष्ट आहे. माझ्या वर्गातली आठ-नऊ वर्षांची पोरं हामिदकडे धाकट्या भावासारखं बघतात, त्याची बाजू घेतात, मोहसीनवर चिडतात. रिलेट होण्यासाठी नायक आपल्याच वयाचा लागतो हे मोठ्या माणसांनी ठरवलेलं आहे.

—

गोमतीकाठ:

लखनौला राहतो, मूळचा साताऱ्याचा. जागेबद्दल थोडं बोलतो, कारण पुण्या-मुंबईत बसून उत्तर प्रदेश काढायचा म्हणजे बहुतेक वेळा राजस्थान निघतो, पिवळी वाळू आणि रंगीत पगड्या.

ही पूर्वेकडची हिरवी, ओलसर जमीन आहे. प्रेमचंदांचा जन्म बनारसजवळच्या लमहीचा, नोकरीची काही वर्षं गोरखपूरला गेली, तिथेच १९२१ मध्ये गांधीजींचं भाषण ऐकून त्यांनी सरकारी नोकरी सोडली. गोरखपूरला तर लोक तिथला ईदगाह दाखवून हाच तो कथेतला असं सांगतात. वाटेत शहर जवळ आल्यावर श्रीमंतांच्या बागा, पक्क्या भिंती, आंब्या-लिचीची झाडं, पोरं दगड मारून पळतात. ईदगाहवर चिंचेची दाट सावली, खाली पक्की फरशी आणि त्यावर जाजम, हे सगळं कथेतच लिहिलंय, वेगळा रिसर्चही लागत नाही, फक्त नीट वाचून काढायचं.

नमाजाचा सीन मात्र जपून करा. प्रेमचंद लिहितात की लाखो डोकी एकत्र झुकतात आणि एकत्र उठतात, जणू विजेचे लाखो दिवे एकदम पेटतात आणि एकदम विझतात. गर्दी करताना ॲनिमेटर मंडळी सवयीने प्रत्येकाची हालचाल थोडी मागेपुढे करतात म्हणजे जिवंत दिसते, इथे तसं करू नका, इथे सगळं एका दमात झालं पाहिजे, तेच त्या प्रसंगाचं सौंदर्य आहे. रांगा, हात कुठे बांधतात, रुकू (कमरेतून वाकणं) कसा, सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) कसा, आणि पादत्राणं काढलेली, हे एखाद्या नमाज पढणाऱ्या माणसाला समोर बसवून विचारून घ्या, स्केच करून घ्या. मुस्लिम घरातलं मूल ही फिल्म बघेल तेव्हा त्याला आपलं घर ओळखू आलं पाहिजे. म्हणूनच खारी-सशांची कल्पना मला मुळीच मान्य नाही.

—

चोवीसफ्रेम:

प्राणी करण्याबद्दल: माणसांच्या जागी प्राणी घेऊन उत्तम रूपांतर झाल्याचं उदाहरण आहे. मियाझावा केंजी या जपानी लेखकाच्या आकाशगंगेतून जाणाऱ्या रेल्वेच्या गोष्टीवर १९८५ मध्ये गिसाबुरो सुगी यांनी फिल्म केली, त्यात मुख्य पात्रं मांजरं आहेत. पण ती गोष्ट स्वप्नातली आहे, तिथे माणूस आणि मांजर यांत फार फरक पडत नाही. ईदगाहमध्ये ईद आहे, आण्या-पैशांचा हिशोब आहे, चुलीवर भाजलेली बोटं आहेत. खारीला चिमटा लागत नाही. पैसे लावणाऱ्यांना हेच सांगा.

धुकं, धूळ, चुलीचा धूर यासाठी युरी नॉर्स्टाइनची धुक्यातल्या हेजहॉगची (साळिंदरासारखा छोटा काटेरी प्राणी) फिल्म बघा, १९७५ ची, तीही सेर्गेई कोझ्लोव यांच्या छोट्या गोष्टीवरच आहे आणि जेमतेम १० मिनिटांची. काचेचे थर आणि पातळ ट्रेसिंग पेपर कॅमेऱ्याकडे हळूहळू सरकवून त्यांनी धुकं केलं. आता आपण डिजिटल थर वापरतो पण विचार तोच, हेजहॉगला कमी दिसतं म्हणून आपल्यालाही कमी दिसतं. तुमच्याकडे जत्रा पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून दिसू दे, कमरा, पायजमे, हातातली द्रोण-पुडकी, वर कुठेतरी पाळणा. चरखीच्या त्या पंचवीस चकरा खाली उभ्या हामिदच्या नजरेतून घ्या, मोहसीन, महमूद, नूरे, सम्मी एकेक करून समोरून जातात, परत येतात, परत जातात. एकच सायकल, म्हणजे हालचालीचा एक पूर्ण फेरा, पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणजे मेहनतही वाचते.

मेहनतीचा विषय निघालाच आहे तर, १२ मिनिटं म्हणजे ७२० सेकंद, २४ फ्रेमने १७,२८०, सगळं ऑन टूज, म्हणजे दर दोन फ्रेमला एक ड्रॉइंग, केलं तरी ८,६४० ड्रॉइंग्ज. होल्ड (एकच चित्र थांबवून ठेवणं) आणि सायकल धरून आकडा बराच खाली येईल, पण तिघांत हे सोपं नाही. ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावलेली कच्ची फिल्म, आवाजासकट पूर्ण लॉक झाल्याशिवाय एकही फायनल ड्रॉइंग काढू नका. सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर ओपनटूंझ २०१६ पासून फुकट आहे, ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिलही चांगलं चालतं.

हक्कांचं काही विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो. प्रेमचंद १९३६ मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतात, त्यामुळे मूळ कथा मोकळी आहे. पण कुणाचा मराठी अनुवाद उचलू नका आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्रांवरून पात्रं बेतू नका, त्यांचे हक्क वेगळे असतात. संवाद मूळ हिंदीवरून स्वतः लिहा.

—

रंगरेघ:

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! कानाच्या पाळीची खूण आणि पैशांचा हिशोब, हे दोन्ही आजच स्टोरीबोर्डमध्ये घेतलंय. एक खेळणं अधिक एक पाळणा बरोबर तीन पैसे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं इतकी वर्षं, आता कथा वेगळीच दिसायला लागलीय.

दोन गोष्टी अजून. एक, बाकी पोरांच्या खेळण्यांचं पुढे काय होतं तो भाग ठेवायचा का? मोहसीनचा भिश्ती (पखालीने पाणी वाहणारा) बहिणीच्या ओढाओढीत पडून फुटतो, नूरेच्या वकिलाला फळीवर बसवून पंख्याने वारा घालतात आणि तो खाली येतो, महमूदच्या शिपायाची टांग मोडते, ती उंबराच्या चिकाने जोडायचा प्रयत्न होतो. एकजण म्हणतो हे काढलं तर दोन मिनिटं वाचतील. दुसरं, अमीनाची लहान मुलगी होते ते अजूनही सुटलेलं नाही.

—

झेडपीचा मास्तर:

शिपायाची टांग ठेवा! पोरं सगळ्यात जास्त त्यालाच हसतात. पण एक काळजी घ्या, खेळणी फुटली म्हणजे त्या पोरांना शिक्षा झाली असं वाटू देऊ नका. मोहसीन, महमूद वाईट नाहीत. तीच पोरं शेवटी आपापली खेळणी हामिदच्या हातात देतात आणि त्याचा चिमटा हातात घेऊन बघतात, आणि हामिदही म्हणतो की मी तुम्हाला चिडवत होतो, लोखंडाचा चिमटा या खेळण्यांची काय बरोबरी करणार. हे वाक्य फार मोलाचं आहे. वेळ वाचवायचा तर वाटेवरच्या पोलिसांच्या गप्पा काढा, त्या आजच्या मुलांना समजवत बसाव्या लागतील. जिन रात्री येऊन उरलेली सगळी मिठाई खऱ्या रुपयांत विकत घेतो ही मोहसीनची थाप मात्र राहू द्या.

—

पाटीपेन्सिल:

मास्तरांशी शंभर टक्के सहमत, आणि त्यातूनच पुढचा मुद्दा. हामिदला संत करू नका. तो खेळण्यांना नावं ठेवतो, मातीची आहेत, पडली की चक्काचूर, आणि त्याच वेळी डोळे त्या खेळण्यांवरच असतात, क्षणभर हातात घ्यायला मिळावीत असं त्याला वाटतं. तो वाद घालतो, फुशारक्या मारतो, जिंकतो. हे सगळं पाच वर्षांच्या मुलाचं आहे. त्यागमूर्ती काढलीत तर मुलं अदबीने बघतील आणि विसरून जातील.

आता अमीना. मला वाटतं उत्तर हालचालींच्या अदलाबदलीत आहे. सकाळी हामिद निघायच्या आधी काहीतरी हट्ट करतो किंवा बूट नाहीत म्हणून रुसतो, जमिनीवर फतकल मारून बसतो, पालथ्या हाताने नाक पुसतो, खांदे उडवतो. अमीना त्याच्या समोर उभी राहून ओढणीच्या टोकाने त्याचं तोंड पुसते. शेवटच्या सीनमध्ये हेच उलटं. चिमटा बघून ती आधी चिडते, हामिद अपराधी आवाजात सांगतो की तुझी बोटं तव्याने भाजायची म्हणून घेतला, आणि मग ती तशीच फतकल मारून खाली बसते, तसेच खांदे उडतात, तसंच पालथ्या हाताने नाक पुसते. ती बसलीय आणि तो उभा आहे, त्यामुळे पहिल्यांदाच तो तिच्यापेक्षा उंच दिसतो. सकाळच्या सीनच्या 'की ड्रॉइंग्ज' (हालचालीतली मुख्य चित्रं) समोर ठेवून त्याच पोझ तिच्या शरीरावर काढा, टायमिंगसुद्धा तेच. प्रेमचंदांचं वाक्य एकही शब्द न बोलता येईल.

आणि हामिदला यातलं काही कळत नाही, हे कथेत स्पष्ट आहे. म्हणून त्याने तिला मिठी मारायची नाही, हसायचं नाही, समजूतदार नजरेने तर बघायचंच नाही. ती का रडतेय ते न कळून तो चिमटा उघडून-मिटून बघतो, काही बिघडलाय का म्हणून. संगीतही तिथे नको, चिमट्याचा तो खट खट आवाज पुरे.

—

रंगरेघ:

पाटीपेन्सिल, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले, मग लगेच कागद घेतला. अमीना खाली बसतेय आणि हामिद उभा, एवढं नुसत्या काडीच्या आकृत्यांत काढलं तरी कळतंय.

आवाजाचं राहिलं. मुलांचे आवाज मुलांकडूनच घ्यायचेत, मोठ्या बायका बारीक आवाज काढतात ते नकोय. हिंदी आणि मराठी दोन्ही आवृत्त्या करायच्यात. पाच वर्षांच्या मुलाकडून रेकॉर्डिंग कसं करून घेतात?

—

चोवीसफ्रेम:

स्क्रिप्ट हातात द्यायचीच नाही, या वयात वाचून बोललं की पाठांतर ऐकू येतं. प्रसंग सांगायचा, एकेक वाक्य आपण म्हणायचं आणि त्याच्या पद्धतीने म्हणू द्यायचं. चिमट्याचा वाद मात्र सगळ्या पोरांना एका खोलीत बसवून एकत्रच रेकॉर्ड करा, त्यांना खरंच भांडू द्या, एकमेकांच्या बोलण्यावर बोलू द्या, वेगवेगळं घेऊन नंतर जोडलं की ती मजा येत नाही. हातात खरा चिमटा आणि मातीची दोन-चार खेळणी द्या. आवाज आधी, ड्रॉइंग नंतर, कारण मुलं जिथे अडखळतात, जिथे श्वास घेतात तिथे तुम्हाला हालचाल सुचते. दोन भाषांसाठी तोंडाचे आकार मोजकेच ठेवा, फार बारीक लिपसिंक केलंत तर मराठी डब बसणार नाही. मूळ रेकॉर्डिंग हिंदीत करा, मराठीला तेच टायमिंग धरून संवाद लिहिता येतील.

—

गोमतीकाठ:

हिंदीसाठी इकडच्या मुलांचे आवाज हवे असतील तर कळवा, आमच्या गल्लीत सात-आठ पोरं आहेत, त्यांच्या आयांशी बोलतो. ईदच्या आसपास या, जत्रेचे आवाजही मिळतील आणि स्केचिंगही होईल.